शाकाहारी घर आणि लो फायबर डाएट: सारखे सारखे येणारे प्रश्न

मला क्रोन्स (आतड्याला सूज येत राहण्याचा जुनाट आजार) आहे, छोट्या आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झालाय, त्यामुळे गेली काही वर्षं मी कधी कडक तर कधी जरा सैल असं लो फायबर खातेय, तेही पूर्ण शाकाहारी घरात. मी डॉक्टर नाही, डाएटिशियन पण नाही. पण ओळखीतल्या कोणाला हे पथ्य लागलं की मला मेसेज येतो आणि प्रश्न ९० टक्के तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे एका जागी लिहून ठेवतेय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. लो फायबर म्हणजे नक्की किती? "हलकं खा" म्हणतात तेच ना हे?

तेच नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. धडधाकट माणसानं दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास फायबर खावं म्हणतात. लो फायबरमध्ये ते साधारण १० ते १५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, कधी १० च्याही खाली. आता आपल्याकडे आजारी माणसाचं हलकं खाणं म्हणजे काय तर फुलके, मुगाची उसळ, पालकाचं सूप, हल्ली ओट्स. हे सगळं पचायला हलकं असेल, पण फायबरनं भरलेलं आहे. उलट मैद्याचा पाव, पांढरा भात, पनीर, खारी, म्हणजे ज्याला आई "जड" किंवा "निकस" म्हणते, ते इथे चालतं. हिशोबच बघा, १०० ग्रॅम कणकेत ११ ग्रॅमच्या वर फायबर असतं, म्हणजे एका फुलक्यात जवळजवळ ३ ग्रॅम. तीन फुलके खाल्ले की दिवसाचा कोटा बऱ्यापैकी संपला, भाजी-वरण अजून बाजूलाच. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमपेक्षा कमी असतं.

२. हे कोणाला सांगतात आणि किती दिवस?

कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीनं मोठं आतडं आतून तपासतात त्याच्या) आधी २-३ दिवस, आतड्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे, नवीन स्टोमा (संडास बाहेर पिशवीत येण्यासाठी ऑपरेशननं पोटावर काढलेली वाट) असेल तर साधारण ६ ते ८ आठवडे, क्रोन्स किंवा कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) भडकला असेल तर तो शांत होईपर्यंत, आणि आतडं अरुंद झालं असेल तर बरेच दिवस. फायबर छोट्या आतड्यात पचत नाही, तसंच पुढे सरकतं, आणि वाट अरुंद असेल किंवा सुजलेली असेल तर तिथे अडकू शकतं, एवढं साधं कारण आहे. गॅस होतो किंवा पोट जड वाटतं म्हणून स्वतःच्या मनानं हे सुरू करू नका, बाकीच्या लोकांना फायबर हवंच असतं.

३. मग दिवसभर खायचं काय? भाजी नाही, डाळ नाही, पोळी नाही, उरलं काय?

बरंच उरतं. माझा कडक दिवसांतला दिवस सांगते. सकाळी चहाबरोबर टोस्ट किंवा खारी, ९ च्या सुमारास पोहे किंवा बारीक रव्याचा उपमा, दोन्हीत शेंगदाणे, ओलं खोबरं, मटार, कोथिंबीर काही नाही, कांदा असलाच तर अगदी बारीक आणि पूर्ण शिजलेला. दुपारी गुरगुट्या भात, साजूक तूप, मीठ, वरून पातळ वरण, बाजूला साल-बिया काढलेल्या दुधीची मऊ भाजी अर्धी वाटी. चारला पिकलेलं केळं अर्धं नाहीतर मुरमुरे. रात्री तांदळाची भाकरी, पनीर आणि कढी. झोपताना दूध. हे सगळं मिळून माझ्या अंदाजाने १० ग्रॅमच्या आसपास बसतं.

गंमत म्हणजे हॉस्पिटलमधून जो कागद मिळतो त्यावर व्हाइट ब्रेड, चिकन, अंडी, मासे असं असतं आणि शाकाहारी माणूस तो वाचून घाबरून जातो की आपण आता उपाशी. पण मऊ भात, पेज, दहीभात, इडली, घावन, शेवयांची खीर, साबुदाणा हे आपल्या घरात आधीपासून आहे, फक्त कागदावर कोणी लिहिलेलं नाही.

४. पोळीशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही, काही मार्ग?

मैद्याची पोळी किंवा साधा नान चालतो, पण रोज मैदा नको वाटत असेल तर तांदळाची भाकरी करा, माझ्या मते ती चवीला मैद्याच्या पोळीपेक्षा कितीतरी चांगली. कोकणातल्या, गोव्याकडच्या लोकांना हे सांगायला लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्हींच्या भाकऱ्या बंद, १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या वर फायबर. कणीक बारीक चाळणीनं चाळून कोंडा काढला तर थोडं कमी होतं पण मैद्याइतकं नाही होत, त्यामुळे कडक दिवस संपल्यावर मधल्या काळात हा उपाय बरा. मल्टिग्रेन, ब्राऊन ब्रेड, लापशी, ओट्स यांच्याकडे बघायचंच नाही.

५. डाळी पूर्ण बंद का? आणि मग शाकाहारी माणसाला प्रोटीन कुठून मिळणार?

उसळी पूर्ण बंद. मटकी, चवळी, हरभरा, राजमा, छोले, वाल, सगळं. अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास फायबर असतं. साल काढलेल्या मूग आणि तूर डाळीत ९-१० ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम कच्च्या डाळीचं पातळ वरण केलं तर वाटीत साधारण २ ग्रॅम येतं आणि ते बऱ्याच जणांना चालतं. अगदी कडक असेल तर फक्त वरचं पाणी घ्यायचं. पुरण करताना आपण हरभऱ्याची डाळ शिजवून वरचा कट काढतो आणि त्याची आमटी करतो ना, तसंच मूगडाळ शिजवून न घोटता कट काढायचा, हिंग-मीठ-लिंबू घालून गरम प्यायचा. पण एक लक्षात ठेवा, त्या पाण्यात प्रोटीन फार नसतं, ते चवीसाठी आणि घशाला बरं वाटावं म्हणून. "डाळीचं पाणी रोज देतोय" म्हणून प्रोटीनचं काम झालं असं समजणारे लोक मी खूप बघितलेत.

प्रोटीन दुधातून काढायचं. पनीर १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅमच्या आसपास, मोठ्या दोन वाट्या दह्यात मिळून १०, कपभर दुधात ६ च्या वर, दिवसभराच्या भातातून १०-१२. झाले की ४५ च्या आसपास, आणि ५५ किलोच्या निरोगी माणसाला साधारण तेवढंच लागतं. ऑपरेशननंतर जास्त लागतं, ते डॉक्टर सांगतील. दूध, दही, पनीर यात फायबर शून्य. टोफू चालतं, सोया चंक्स चालत नाहीत, दोन्ही सोयाच पण चंक्समध्ये फायबर राहतं. घरात अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला. बेसन म्हणजे डाळच, त्यामुळे पिठलं नको, कढीला चमचाभर तांदळाचं पीठ लावा.

६. भाज्या कोणत्या चालतात?

साल आणि बिया काढता येतील आणि बोटानं दाबल्यावर लगदा होईल इतकी शिजेल अशी भाजी चालते. दुधी, लाल भोपळा, पडवळ, शिरा काढलेला कोवळा दोडका, साल काढलेला बटाटा, मऊ शिजलेलं गाजर. एका वेळी अर्धी वाटी.

पालेभाज्या, गवार, शेवगा, भेंडी, कोबी, फ्लॉवर, मटार, मका, मशरूम, सगळी कच्ची कोशिंबीर बंद. मेथीवरून माझं आणि सासूबाईंचं सहा महिने चाललं होतं, "अगं रक्त कमी झालंय तुझं, मेथी खायला पाहिजे", आणि त्यांचं म्हणणं एरवी चूक नाही हो, पण माझ्या आतड्याला ते कोण सांगणार. बीट थोडं चालतं पण दुसऱ्या दिवशी संडास लाल दिसते आणि माणूस घाबरतो, आधी सांगून ठेवते. टोमॅटो साल-बिया काढून, गाळून, सारापुरता.

७. मिक्सरमधून फिरवलं तर फायबर कमी होतं का? आणि जास्त शिजवल्याने?

दोन्हींनी नाही. मिक्सरनं तुकडे बारीक होतात, शिजवल्यानं मऊ होतात, फायबर तेवढंच राहतं. कमी होतं ते साल-बिया काढल्याने आणि गाळल्याने. पण ज्यांचं आतडं अरुंद आहे त्यांच्यासाठी मऊ आणि बारीक असण्याला पण महत्त्व आहे कारण मोठा तुकडा अडकतो, म्हणून कधी कधी डॉक्टर अशा माणसाला मिक्सरमधून काढलेलं चालेल म्हणतात. कोलोनोस्कोपीसाठी मात्र स्मूदीची पळवाट चालत नाही.

८. फोडणीचं काय? मोहरी-जिरे तर सगळ्यातच असतात.

कडक दिवसांत मोहरी, तीळ, खसखस नको, जिऱ्याऐवजी बारीक जिरेपूड, हिंग आणि हळद. कढीपत्ता तुपात तळून बाजूला काढायचा, वास राहतो. मी एक करते, छोट्या कढल्यात तूप-जिरे-कढीपत्त्याची फोडणी करते आणि चहाच्या गाळणीतून वरणावर ओतते, गाळणीतलं बाकीच्यांच्या वाटीत जातं, एकाच फोडणीत दोन कामं होतात आणि वेगळा स्वयंपाक केल्यासारखं पण वाटत नाही. शेंगदाण्याचं कूट, ओलं-सुकं खोबरं, तिळाची चटणी बंद. हे आपल्या स्वयंपाकात इतकं नकळत पडतं की पहिला आठवडा डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. मेतकूट डाळींचं असतं, पण चमचाभराने मला तरी काही होत नाही.

९. फळं?

पिकलेलं केळं, कलिंगड आणि खरबूज बिया काढून, साल काढून वाफवलेलं सफरचंद, पिकलेली पपई थोडी, आमरस चाळणीतून गाळून आणि वाटीभरच. पेरू, चिकू, अंजीर, डाळिंब, सीताफळ, जांभूळ नको. संत्र्या-मोसंबीचा रस गाळून चालतो पण पापुद्र्यासकट फोडी खायच्या नाहीत, ते पापुद्रे अडकतात. खजूर-मनुका-बदाम "ताकदीसाठी" आणून देणारे पाहुणे येतात, त्यांना चहा द्या आणि बदाम डब्यात ठेवा.

१०. दूध चालतं का? माझ्या कागदावर दूध बंद लिहिलंय.

फायबरच्या दृष्टीने चालतं. पण काही डॉक्टर "लो रेसिड्यू" सांगतात, त्यात फायबरबरोबर दूध पण मर्यादित असतं, बऱ्याचदा दिवसाला २ कप. शिवाय आजारपणात किंवा जुलाबानंतर अनेकांना दूध काही दिवस पचत नाही, मग दही, ताक, पनीर घेऊन बघायचं. कागदावर नक्की कुठला शब्द आहे ते बघा आणि विचारून घ्या.

११. नाचणीचं सत्त्व चालेल का? सगळे तेच द्यायला सांगतात.

खरं सत्त्व असेल तर चालेल. खरं म्हणजे नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला साका वाळवलेला. यात चोथा फडक्यात राहतो. पण बाजारात सत्त्व म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा मोड आणून दळलेलं पीठच असतं, गाळलेलं नसतं, त्यात सगळं फायबर आहे तसंच. पाण्यात कालवून फडक्यातून गाळून बघा, फडक्यावर तपकिरी चोथा राहिला तर ते पीठ.

याच न्यायाने गव्हाचा चीक! कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चोथा काढून जो पांढरा चीक राहतो तो शिजवून दूध-साखर घालून खाल्ला तर लो फायबरमध्ये याच्यासारखं सुख नाही. गहू बंद पण गव्हाचा चीक चालू, हे माझ्या डाएटिशियनला पण मीच सांगितलं, ती मूळची इकडची नव्हती.

१२. उपास करता येईल का?

आधी डॉक्टरांना विचारा, कारण औषधं आणि अशक्तपणा. खाण्यापुरतं बोलायचं तर साबुदाण्यात फायबर जवळजवळ नसतंच, त्यामुळे शेंगदाण्याचं कूट न घालता केलेली खिचडी, साबुदाण्याची खीर, बटाट्याचा कीस, दही, सगळं चालतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्या बाबतीत अक्षरशः खरंय, एरवी मोजून खाणारी मी एकादशीला पोटभर जेवते. कूट नसलेली खिचडी गिचका होते ही तक्रार रास्त आहे, साबुदाणा कमी पाण्यात भिजवा आणि तूप जरा सढळ घ्या. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी, रताळं नको. भगर थोडी.

१३. आम्ही जैन आहोत, बटाटा-गाजर पण खात नाही. मग?

कोल्हापूर-सांगलीकडून हा प्रश्न बऱ्याचदा येतो. दुधी, पडवळ, लाल भोपळा, साल काढून वाफवलेलं कच्चं केळं यावर भर द्या. खरी पंचाईत तिथीला आणि पर्युषणात होते कारण तेव्हा हिरव्या भाज्या बंद आणि सगळा भार कडधान्यांवर येतो, जी आपल्याला चालत नाहीत. तेव्हा भात, मुगाचा कट, कढी, पनीर, खाकरा खायचा तर मैद्याचा. आजारी माणसानं पाळायचं किती हे तुमच्या घरी ठरवा, त्यात मी पडत नाही.

१४. मला शुगर पण आहे. भात, मैदा, साबुदाणा खाऊन ती वाढणार नाही का?

वाढते. म्हणून शुगरवाल्यांनी हे पथ्य डॉक्टरांना दोन्ही आजार सांगूनच करायचं, गोळ्या-इन्सुलिनचे डोस तेच बदलतील. तुमच्या हातात एवढंच की एका वेळी थोडा भात आणि त्याबरोबर दही किंवा पनीर, दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं, आणि घरी शुगर जास्त वेळा तपासायची. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी नुसती पातळ पेयं असतात तेव्हा उलट शुगर एकदम खाली जायची भीती असते, ते आधीच विचारून ठेवा.

१५. कोलोनोस्कोपीच्या कागदावर चिकन सूप आणि जेली लिहिलंय, आम्ही काय घ्यायचं?

आदल्या दिवशीची "क्लिअर लिक्विड" म्हणजे पेल्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे अशी पेयं. गाळलेलं नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, ओआरएस, बिनदुधाचा चहा, गाळलेला सफरचंदाचा रस. डाळीचं स्वच्छ गाळलेलं पाणी पण बऱ्याच ठिकाणी चालतं, पण विचारा. कोकम सरबत नाही, लाल-जांभळा रंग आत रक्तासारखा दिसू शकतो. सोलकढी तर दोन्हीकडून बाद, रंग पण आणि नारळाचं दूध पण. जेली बहुतेक जिलेटिनची, म्हणजे शाकाहारी नाहीच, आणि चायना ग्रासची करावी म्हणाल तर चायना ग्रास हे स्वतःच फायबर आहे, सोडून द्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर काही दिवस आधी बंद करायला सांगतात, ते विसरू नका. त्याआधीच्या २-३ दिवसांसाठी प्रश्न ३ मधलंच खाणं, फक्त बिया आणखी काटेकोरपणे टाळून.

१६. बद्धकोष्ठ झालंय, इसबगोल घेऊ का?

स्वतःहून नाही. इसबगोल म्हणजे फायबरच, पाण्यात फुगतं, अरुंद आतड्यात ते फुगलं तर त्रास. काही आजारांत डॉक्टर स्वतः देतात, ती गोष्ट वेगळी. पाणी वाढवा, जेवणानंतर चाला, आणि तरी नाही झालं तर फोन करा. त्रिफळा, एरंडेल वगैरे प्रयोग पण नको.

१७. पाकिटावर फायबर लिहिलेलंच नसतं, ओळखायचं कसं?

आपल्याकडे पाकिटावर फायबर छापणं सक्तीचं नाही, त्यामुळे घटक वाचायचे. होल व्हीट, ब्रॅन, ओट्स, इन्युलिन (वरून घातलेलं फायबर), चिकोरी रूट फायबर, सिलियम (म्हणजे इसबगोल) असे शब्द दिसले की परत ठेवायचं. इन्युलिन हल्ली प्रोटीन पावडरमध्ये आणि फ्लेवरवाल्या दह्यात पण असतं, तिथे लोक हमखास फसतात.

१८. आणि बी-१२?

ते तपासूनच घ्या. शाकाहारी लोकांचं आधीच कमी असतं, आणि बी-१२ शोषलं जातं ते छोट्या आतड्याच्या शेवटच्या भागात, तोच भाग खराब असेल किंवा काढला असेल तर कितीही दूध प्यायलं तरी उपयोग होत नाही, इंजेक्शन लागतात. लोह, फोलेट, डी पण त्याच वेळी बघून घ्या.

१९. चुकून खाल्लं गेलं तर? हॉस्पिटलला कधी जायचं?

एक चमचा उसळ गेली म्हणून घाबरू नका. पण पोटात पिळवटून कळा, पोट फुगून टणक, उलट्या, गॅस आणि संडास दोन्ही बंद, किंवा स्टोमाच्या पिशवीत काहीच येत नाही, यातलं काही असेल तर घरगुती उपाय न करता थेट इमर्जन्सी.

माझं सांगते. डिसेंबर महिना, नगरकडे मित्राच्या शेतावर हुरडा. बरं वाटत होतं, वर्षभर काही झालं नव्हतं, आणि भट्टीतून काढलेली कणसं तळहातावर चोळून गरम गरम दाणे कोणी पुढे केल्यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. दोन मुठी खाल्ल्या, वर शेंगदाण्याची चटणी. रात्री दोनला गाडीत मागच्या सीटवर आडवी होऊन उलट्या करत पुण्याला. तीन दिवस नाकात नळी आणि सलाईन, ऑपरेशन टळलं हे नशीब. ड्यूटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं काय खाल्लं होतं, मी म्हटलं हुरडा, तो म्हणाला "कुठला, सुरती ज्वारीचा का?" तो सोलापूरचा निघाला.

२०. परत नॉर्मल खायला कधी आणि कसं सुरू करायचं?

कधी ते डॉक्टर सांगतील, कोलोनोस्कोपी असेल तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. बाकीच्यांनी एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडासा, आणि २-३ दिवस थांबून पुढचा. मी या क्रमानं जाते: आधी मुगाच्या कटाऐवजी घोटलेलं वरण, मग चाळलेल्या कणकेचा एक फुलका, मग शिजलेल्या पालकाची देठं काढून पातळ भाजी, मग अर्धी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. उसळी सगळ्यात शेवटी, त्यातही सोललेल्या मुगापासून. काय खाल्लं आणि काय झालं हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी माझं "भाकरी ½, ठीक" असं लिहिलेलं असतं. यंदा मटकीपर्यंत पोचलेय, मोडाची नाही, भिजवून शिजवून गाळलेली, पण मटकी.